१२.९ चे बोल्ट टाईट केल्यावर दुसऱ्या दिवशी आपोआप तुटायलेत, क्वालिटीवाले म्हणतात हायड्रोजन. खरंय का?

वाळूजचा_फिटर
राम राम मंडळी. वाळूजला असेंब्ली बघतो मी, फिक्श्चर बसवायचं काम हाय. नवीन लॉटमधले एम१० चे (१० मिलिमीटर जाडीचे) ॲलन बोल्ट, १२.९ ग्रेड (म्हणजे फार कडक), झिंकचा मुलामा दिलेले, टॉर्क रेंचनी दिलेल्या सेटिंगवर टाईट केले, कुणी जास्त ओढलं नाही, संध्याकाळी सगळं ओके म्हणून सही करून गेलो आन सकाळी येऊन बघतो तर दोन बोल्टांची डोकी खालच्या ट्रेमध्ये पडलेली. मशीन चालूच केली नव्हती हो. दुपारी आणखी एक उडालं, टणकन आवाज आला, शेजारचा पोरगा दचकून मागं सरला.

तुटलेली जागा बरोबर डोक्याच्या खाली, जिथं ती बारीक गोलाई असते तिथं. भिंगातून बघितलं तर खडीसाखर फोडल्यावर दिसतात तसे चमकणारे दाणे, कुठं वाक नाही, मान बारीक झालेली नाही, पीळ नाही. बाकी बोल्ट एकदम नवा कोरा.

बोल्टवाला म्हणतो तुम्ही जास्त टॉर्क मारला. प्लेटिंगवाला म्हणतो बोल्टच कच्चा. आमचे क्वालिटीवाले म्हणायलेत हायड्रोजन. आता हायड्रोजन तर गॅस हाय ना राव, तो घट्ट लोखंडात शिरतो कसा, आन शिरला तरी एवढ्या कडक बोल्टाचं काय वाकडं करणार? कुणाला माहिती असंल तर नीट सांगा, उगं इंग्रजी लिंका टाकू नका.

जिंतूरकर_मन्या
पाईप लावून ओढला असंल पान्याला, खरं सांग 😀

वाळूजचा_फिटर
@मन्या पाईप नाही लावला भौ, रेंच आत्ताच कॅलिब्रेट करून आलाय. आन पाईप लावून तुटला असता तर हातातच तुटला असता ना, रात्रीची वाट कशाला बघितली असती त्यानं.

धातूवाले_सर
फिटर साहेब, तुमच्या शेवटच्या वाक्यातच निम्मं उत्तर आलंय. टॉर्कनं तुटणारा बोल्ट ओढतानाच तुटतो, आधी ताणतो, मान बारीक होते, पीळ दिसतो. फटिगनं, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण येऊन, तुटायला मशीन चालावी लागते आणि तुटलेल्या तोंडावर कडांपासून आत जाणारे पट्टे दिसतात. तुमचा बोल्ट स्थिर भाराखाली, काही तासांनी, न वाकता, दाण्यादाण्यांच्या सीमेवरून उकललाय. कडक बोल्ट, झिंक प्लेटिंग आणि उशिरा तुटणं हे तिन्ही एकत्र दिसलं की पहिला संशय हायड्रोजनवरच घ्यायचा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून पक्कं करता येतं, पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये होतं ते.

आता शिरतो कसा ते. फुग्यातला हायड्रोजन म्हणजे दोन अणूंची जोडी, ती जोडी लोखंडात शिरत नाही, शिरतो तो सुटा अणू. प्लेटिंगच्या आधी गंज आणि खपली काढायला बोल्ट ॲसिडमध्ये बुडवतात, तिथं लोखंड ॲसिडमध्ये विरघळतं आणि पृष्ठभागावर हायड्रोजनचे सुटे अणू तयार होतात, बहुतेक सगळे जोडी करून बुडबुडे होऊन वर जातात पण काही जोडी जमायच्या आतच लोखंडात घुसतात. मग प्लेटिंगच्या टाकीत बोल्ट निगेटिव्ह बाजूला असतो, तिथं झिंकबरोबर थोडा हायड्रोजनही त्याच पृष्ठभागावर येतो. म्हणजे दोनदा शिरकाव. आणि त्या ॲसिडात किंवा टाकीतल्या द्रावणात गंधक, आर्सेनिक, फॉस्फरस असलं काही असलं तर जोड्या जमायची क्रियाच मंदावते आणि आत जाणारे वाढतात. म्हणून हायड्रोजन सल्फाईड असलेल्या तेलविहिरींच्या पायपांना साध्या स्टीलची कडकपणाची मर्यादा २२ एचआरसी (रॉकवेल सी, कडकपणाचं माप) ठेवलेली असते.

ही गोष्ट नवी नाही बरं का. १८७५ साली डब्ल्यू. एच. जॉन्सननं रॉयल सोसायटीत निबंध वाचला होता, लोखंडी तार काही मिनिटं ॲसिडमध्ये बुडवली की ती वाकवताना मोडते, मोडलेलं तोंड ओलं केलं की त्यातून बुडबुडे येतात, आणि तीच तार काही दिवस तशीच ठेवली किंवा गरम केली की परत पहिल्यासारखी वाकते. तोंडातून बुडबुडे येताना बघितल्यावर आत गॅस आहे हे सांगायला वेगळा पुरावा कशाला लागतोय.

लातूरची_मेघा
सर मस्त सांगितलं. पण एक शंका. जर तार नुसती ठेवली तर आपोआप बरी होत असेल तर बोल्ट पण स्टोअरमध्ये पडून राहिले की बरे व्हायला पाहिजेत ना? आणि हायड्रोजन लोखंडात किती वेगानं पळतो?

धातूवाले_सर
मेघाताई, बरोबर जागी बोट ठेवलं.

साध्या तापमानाला लोखंडाच्या अणूंची मांडणी अशी असते की मध्ये छोट्या छोट्या पोकळ्या राहतात, हायड्रोजन त्या पोकळ्यांमधून उड्या मारत जातो. शुद्ध लोखंडात तो सेकंदाला लाखो कोटी उड्या मारतो, दिशा मात्र ठरलेली नसते, कधी पुढं कधी मागं. कार्बनसुद्धा लोखंडात असाच पोकळ्यांत बसतो पण खोलीच्या तापमानाला तो जवळजवळ हलतच नाही, हायड्रोजनचा वेग त्याच्या साधारण एक लाख कोटी पट आहे. हिशेब केला तर शुद्ध लोखंडात ५ मिलिमीटर अंतर कापायला हायड्रोजनला पाऊण तासाच्या आसपास लागतात. म्हणजे एम१० बोल्टच्या मध्यापासून कडेपर्यंत.

पण बोल्ट शुद्ध लोखंडाचा नसतो. क्वेंचिंग करून (तापवून एकदम थंड करून) कडक केलेल्या स्टीलमध्ये डिसलोकेशन (अणूंच्या रांगांमधले दोष) असतात, दाण्यांच्या सीमा असतात, कार्बाईडचे कण, मँगनीज सल्फाईडच्या रेघा, आणि या प्रत्येक जागी हायड्रोजनला साध्या पोकळीपेक्षा जास्त आराम वाटतो, तो तिथं अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. याला ट्रॅप म्हणतात. काही ट्रॅप हलके, खोलीच्या तापमानालाही अणू सोडतात, काही खोल, ते शेकडो डिग्रीशिवाय सोडत नाहीत. यामुळं प्रत्यक्षातला वेग हजार पट किंवा त्याहून कमी होतो आणि तेच ५ मिलिमीटर जायला महिनाभर लागू शकतो. वेग मोजायला देवनाथन आणि स्टाखुर्स्की यांनी १९६२ मध्ये काढलेली पद्धत आजही वापरतात, पातळ पत्र्याच्या एका बाजूला हायड्रोजन चार्ज करायचा आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडणारा प्रत्येक अणू विजेच्या प्रवाहाच्या रूपानं मोजायचा.

आणि दुसरं, जॉन्सनची तार उघडी होती. तुमच्या बोल्टावर झिंकचं कातडं आहे. झिंकमधून हायड्रोजन फार सावकाश जातो, म्हणजे आत घेऊन वरून दार लावलं.

बीडकर_बाप्पा
काय बाप्पा मग सोपं हाय की, मे महिन्यात आमच्या बीडला पत्र्यावर टाका बोल्ट, ४३ डिग्रीत सगळा हायड्रोजन पळून जाईल 😂

धातूवाले_सर
😀 बाप्पा, तुमच्या पत्र्यावर हात पोळंल पण बोल्ट बरा होणार नाही. १९० ते २२० डिग्री लागतात. तेवढ्या तापमानाला हलक्या ट्रॅपमधले अणू सुटतात, काही झिंकमधून बाहेर पडतात आणि काही खोल ट्रॅपमध्ये जाऊन कायमचे बसतात, जिथून ते त्रास देत नाहीत. १२.९ चा बोल्ट ४२५ डिग्रीच्या वर टेम्पर केलेला (कडक केल्यावर पुन्हा तापवलेला) असतो त्यामुळं २०० ला त्याचा कडकपणा कमी व्हायची भीती नाही. निदान ४ तास तर हवेतच, कडक आणि जाड मालाला त्याच्या कितीतरी पट.

भट्टीवाला_जालना
सर आमच्या धंद्यातलं सांगतो. जालन्यात इंडक्शन भट्टीवर उभं आयुष्य गेलं. पावसाळ्यात ओलं स्क्रॅप भट्टीत टाकलं की काय होतं ते आमच्या पोरांला विचारा, स्फोट होऊन लोखंड उडतं, म्हणून ओल्या मालाची भीती हायड्रोजनसाठी नाही, जीवासाठी असते. पण स्क्रॅपवरचा गंज, ओला चुना, नीट न तापवलेला लाडल (वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं), सगळीकडून पाणी येतं आन वितळलेल्या लोखंडात हायड्रोजन विरघळतो. मग आमच्या सळयांचं काय? त्या तर अशा आपोआप तुटत नाहीत कधी. आमच्याकडं व्हॅक्युम डीगॅसिंग (निर्वातात वितळलेल्या लोखंडातला वायू काढणं) वगैरे काही नाही.

धातूवाले_सर
मामा, तुमच्या सळईला दोन गोष्टी वाचवतात. एक म्हणजे ती बारीक, बिलेट ते सळई या प्रवासात तापलेल्या अवस्थेत हायड्रोजनला बाहेर पडायला भरपूर वेळ आणि कमी अंतर मिळतं. दुसरं म्हणजे ती फार कडक नाही. एफई ५०० किंवा ५५० ची सळई आणि १२०० मेगापास्कलचा बोल्ट यांच्यात हाच फरक. स्टील जेवढं कडक तेवढा कमी हायड्रोजन त्याला पुरतो. सर्वसाधारण नियम असा धरतात की ३९० विकर्सच्या (हेही कडकपणाचंच माप) वर गेलं की सांभाळायचं. ८.८ चा बोल्ट २५० ते ३२० मध्ये असतो, १०.९ चा ३८० पर्यंत, आणि १२.९ चा ३८५ ते ४३५. बघा कुठं बसतो तो.

जाड मालाला मात्र भट्टीतला हायड्रोजनच खातो. १६०० डिग्रीला वितळलेल्या लोखंडात एका वातावरणाच्या दाबाखाली साधारण २५ पीपीएम मावतो, थंड घन लोखंडात जवळजवळ काहीच मावत नाही. मोठं फोर्जिंग किंवा रेल्वेचा रूळ पटकन थंड केला तर हा सगळा हायड्रोजन आत अडकतो, पोकळ्यांत जोड्या करून बसतो, आणि आतल्या आत केसासारख्या चिरा पडतात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून रुळाच्या स्टीलला व्हॅक्युम डीगॅसिंग करून हायड्रोजन २ पीपीएमच्या आत आणतात.

लातूरची_मेघा
म्हणजे पीपीएमचाच खेळ आहे सगळा. १ पीपीएम म्हणजे एक किलो स्टीलमध्ये एक मिलिग्रॅम!

धातूवाले_सर
हो, आणि अणूंत मोजलं तर लोखंडाच्या अठरा हजार अणूंमागं एक हायड्रोजन. एवढ्यानं काय होणार असं वाटतं. पण तो सगळीकडं सारखा पसरलेला राहत नाही ना, इथंच खरी गंमत आहे.

बोल्ट टाईट केला की डोक्याखालच्या गोलाईत आणि पहिल्या आट्यात ताण एकवटतो. तिथली अणूंची मांडणी थोडी ताणली जाते, पोकळ्या थोड्या मोठ्या होतात, आणि हायड्रोजनला मोठ्या पोकळीत राहायला आवडतं. मग आजूबाजूचा हायड्रोजन हळूहळू तिकडं सरकतो. कमी ठिकाणाहून जास्त ठिकाणी, उलट्या बाजूनं. याला वेळ लागतो, म्हणून तुमचा बोल्ट संध्याकाळी ठीक आणि सकाळी तुटलेला. तिथं पुरेसा हायड्रोजन जमला की बारीक चीर पडते, चिरेच्या टोकाशी ताण आणखी वाढतो, तिथं पुन्हा हायड्रोजन जमेपर्यंत चीर थांबते, मग पुढं सरकते. थांबत थांबत. शेवटी उरलेल्या जागेला भार झेपत नाही आणि टणकन जातो.

म्हणूनच या रोगाला काही विचित्र लक्षणं आहेत. घणानं जोरात मारून टेस्ट केली तर बोल्ट चांगला निघेल, कारण हायड्रोजनला सरकायला वेळच मिळत नाही. अगदी थंड केला तरी चांगला, हायड्रोजन हलत नाही. बराच तापवला तरी चांगला, ताणाच्या जागी तो टिकत नाही. नेमकं आपल्या रोजच्या तापमानाच्या आसपास, सावकाश किंवा स्थिर भाराखाली, तिथं तो सगळ्यात वाईट. म्हणजे नेहमीची टेन्साईल टेस्ट पास होऊनही लॉट खराब असू शकतो, टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) हातात धरून भांडायचं काही कारण नाही.

का तुटतो याबद्दल मात्र शास्त्रज्ञांत अजून भांडण आहे. १९४१ मध्ये झॅफी आणि सिम्स म्हणाले आत जोड्या जमून दाब वाढतो आणि तो फाडतो. रुळाच्या चिरांना हे लागू पडतं. मग ट्रोयानो म्हणाले हायड्रोजन लोखंडाच्या अणूंमधलं बंधन सैल करतो. १९७२ ला बीचम म्हणाले उलट आहे, हायड्रोजनमुळं डिसलोकेशन सोप्यानं हलतात, सगळं विरूपण एकाच जागी एकवटतं आणि तिथं फाटतं. या शेवटच्या दोन्हीचे पुरावे आहेत, बहुधा दोन्ही एकाच वेळी काम करतात, कडक स्टीलमध्ये ट्रोयानोंच्या म्हणण्याचा वाटा जास्त असावा असं मला वाटतं, तुमचे दाणे बघून तर नक्कीच.

चिकलठाणा_प्लेटर
बरं झालं धागा दिसला. मी प्लेटिंगवाला आहे, फिटर साहेबांचा नाही, दुसरा. शिव्या खायच्या आधी आमचं पण ऐका.

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं झिंक ८ मायक्रॉन, संपलं. ग्रेड लिहिलेली नसते, हार्डनेस नसते, बेकिंगचा, म्हणजे सर म्हणाले तसं ओव्हनमध्ये तापवण्याचा, तर उल्लेखच नाही. माल येतो दुपारी, टेम्पो उभा असतो गेटवर, संध्याकाळी लाईनला पाहिजे म्हणतात. बेकिंगला ओव्हन लागतो, वीज लागते, वेळ लागतो, आणि किलोमागं पैसे मागितले की शेजारच्या शेडमधला बिना बेकिंगचा स्वस्तात करून देतो. मग कोण करणार.

आणि बेकिंग कधीही केलं तरी चालतं असं नाही. प्लेटिंगमधून निघाल्यावर ४ तासांच्या आत ओव्हनमध्ये गेलं पाहिजे, जेवढं लवकर तेवढं चांगलं, कारण गोलाईत हीट ट्रीटमेंटचा ताण आधीच असतो, चीर पडली की ओव्हन ती जोडत नाही. शिवाय पॅसिव्हेशन (झिंकवर गंज अडवणारा रासायनिक थर देणं) बेकिंगच्या नंतर. आधी पॅसिव्हेशन करून २०० डिग्रीला टाकलं तर पिवळा-निळा थर मरतो आणि बोल्टला गंज लवकर लागतो. कित्येक ठिकाणी चकाकी जाऊ नये म्हणून बेकिंगच टाळतात.

फिटर साहेब एक विचारतो, तुमचा हा लॉट रीवर्क झालेला आहे का?

वाळूजचा_फिटर
हाव. आत्ता क्वालिटीवाल्यांला विचारलं. रंग एकसारखा नाही म्हणून पहिल्यांदा परत पाठवला होता, दुसऱ्यांदा चकाचक होऊन आला. काहून?

चिकलठाणा_प्लेटर
झालं मग. रीवर्क म्हणजे झिंक काढायला परत हायड्रोक्लोरिक ॲसिड, तेही घाईत जोरकस ॲसिड, इनहिबिटर (ॲसिडला लोखंड खाऊ न देणारं रसायन) न टाकता, वर परत पिकलिंग (ॲसिडनं साफ करणं), परत प्लेटिंग. सर म्हणाले दोनदा शिरकाव, तुमच्या बोल्टात चार-पाचदा झाला. १२.९ चा माल आम्ही तरी ॲसिडमध्ये घालतच नाही, बारीक शॉट (छर्रे) मारून साफ करतो, आणि पार्टीला सांगतो झिंक फ्लेक (झिंकच्या पापुद्र्यांचा रंगासारखा थर) करून घ्या, त्यात करंट नाही, हायड्रोजन नाही. महाग पडतं पण रात्री झोप लागते.

गोदाकाठचा_इंजिनिअर
पूल बांधणीत असल्यामुळं एक भर घालतो. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजला २०१३ च्या मार्चमध्ये तीन इंची जाडीचे ९६ अँकर रॉड ताणले, काही दिवसांत त्यातले ३२ तुटले. तिथं भानगड वेगळी होती, रॉड २००८ पासून खाली नळ्यांमध्ये बसवून ठेवलेले, त्यात वर्षानुवर्षं पावसाचं पाणी साचलं, ते गॅल्व्हनाईज्ड, पाण्यात झिंक गंजताना लोखंडावर हायड्रोजन तयार होत राहिला. लंडनच्या लेडनहॉल इमारतीतले मोठे बोल्टही २०१४-१५ च्या सुमारास तुटले, तिथंही हायड्रोजनच निघाला. म्हणजे कारखान्यातूनच आत भरून आलेला आणि साईटवर नंतर शिरलेला असे दोन प्रकार. प्रीस्ट्रेसच्या (काँक्रीटमध्ये ताणून बसवायच्या) तारा साईटवर चिखलपाण्यात टाकणाऱ्यांनी हे वाचावं.

नांदेडचा_वेल्डर
आमच्याकडं पण हेच हाय. ७०१८ ची वेल्डिंगची कांडी पावसात ओली झाली तर वेल्ड करताना ठीक दिसतं, दुसऱ्या दिवशी वेल्डच्या शेजारी चीर. जाड पत्र्याला तर हमखास. म्हणून कांडी ३५० डिग्रीला भाजून, मग गरम डब्यातच ठेवायची आन जॉब प्रीहीट करायचा. सायब लोक म्हणतात वेल्डरचा हात खराब. हात नाही खराब, कांडी ओली.

लातूरची_मेघा
शेवटची शंका सर. सरकारचं ग्रीन हायड्रोजन मिशन आलं २०२३ ला, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन म्हणतात. सुरतजवळ कवासला एनटीपीसीनं स्वयंपाकाच्या पाईपगॅसमध्ये हायड्रोजन मिसळायला सुरुवातही केली. मग त्या पाईपा अशाच तुटणार का?

धातूवाले_सर
घाबरायचं कारण नाही पण दुर्लक्ष करायचंही नाही. गॅसमधला हायड्रोजन जोडीनं असतो, जोडी फोडायला स्वच्छ लोखंड लागतं, आणि पायपाच्या आत ऑक्साईडचा थर असतो, तो बराच अडवतो. थोडासा ऑक्सिजन मिसळला तरी शिरकाव खूप कमी होतो. पायपाचं स्टील मऊ असतं, तुमच्या बोल्टासारखं कडक नाही, आणि घरगुती लाईन तर बरीचशी प्लास्टिकची. धोका असतो जिथं आधीच चीर आहे आणि दाब सतत कमीजास्त होतो, कारण चिरेच्या टोकाला दर वेळी ताजं उघडं लोखंड मिळतं आणि हायड्रोजनमध्ये चीर दहापट वेगानंही वाढू शकते. वेल्डजवळच्या कडक पट्ट्याकडं लक्ष ठेवायचं. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांच्या ७०० बारच्या टाक्या म्हणूनच प्लास्टिकच्या अस्तरावर कार्बन फायबर गुंडाळून करतात.

गरम हायड्रोजनचं प्रकरण निराळं. हवेतून अमोनिया करताना कार्ल बॉशच्या पहिल्या नळ्या फुटल्या, तिथं हायड्रोजन स्टीलमधल्या कार्बनशी संयोग होऊन मिथेन करायचा आणि स्टील आतून पोकळ व्हायचं. त्यानं आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर दिलं, बाहेरच्या जाड नळीला बारीक भोकं पाडली म्हणजे अस्तरातून आलेला हायड्रोजन दाब न साठता निघून जाईल. अडवायचा नाद सोडून त्याला वाट करून दिली गड्यानं.

वाळूजचा_फिटर
सगळ्यांचे लई आभार. आता रोखठोक सांगा, स्टोअरमधी उरलेला लॉट आज ओव्हनला टाकला तर चालंल का? आन मशीनवर बसलेले जे तुटले नाहीत ते?

चिकलठाणा_प्लेटर
ओव्हनला टाकून वापरू नका. प्लेटिंग होऊन आठवडे झाले, आत चीर पडली की नाही हे बाहेरून कळत नाही. टेस्ट करायचीच असेल तर दोन समांतर प्लेटींमध्ये बोल्ट जवळजवळ पूर्ण ताकदीनं ताणून किमान ४८ तास ठेवतात, आयएसओ १५३३० मध्ये पद्धत आहे. पण त्यात नमुने पास झाले म्हणून बाकीचे चांगले असं नसतं, बॅरलमध्ये कोणता बोल्ट किती वेळ ॲसिडमध्ये राहिला काय सांगता. भंगारात काढा.

धातूवाले_सर
बसलेले सगळे बदला, एक एक करून, आणि काढताना डोक्याच्या रेषेत तोंड ठेवू नका. सैल करताना पण उडू शकतं. तुटलेल्या तोंडांना हात लावू नका, तेल-पाणी नको, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, लॅबला तेच लागतं.

वाळूजचा_फिटर
लॉटला लाल टॅग लावला. तुटलेली डोकी डब्यात भरली, बुटाच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, चालतील ना? नव्या ऑर्डरमधी १२.९ ला झिंक फ्लेक लिहायला लावलंय, परचेसवाले भाव ऐकून आडवे पडायलेत.

चिकलठाणा_प्लेटर
पुड्या चालतील, गरम करून वाळवून टाका. परचेसवाल्याला मशीन बंद राहिल्याचं डाऊनटाईमचं बिल दाखवा.

बीडकर_बाप्पा
आन ते टणकन उडालेलं डोकं त्याच्या टेबलावर ठेवा.